बारा जणांचे अडीच सेंट

१९९२ च्या एप्रिलमध्ये ब्रिटनमध्ये सार्वत्रिक निवडणूक झाली. तेव्हा मी न्यू जर्सीत वेस्ट विंडसरला राहत होतो आणि एका लहान वित्तीय वृत्तसेवेत नोकरी करत होतो. आमच्या बातम्या छापल्या जात नसत. बँकांच्या आणि दलालांच्या टेबलांवर जे पडदे असत, त्यांवर त्या हिरव्या अक्षरांत उमटत. खालून नवी ओळ आली की जुनी वर सरकत सरकत नाहीशी होई. गजबजलेल्या दिवशी एखादी बातमी पडद्यावर दहा मिनिटंही टिकत नसे. त्यामुळे आपण गेल्या महिन्यात काय लिहिलं हे आमच्यापैकी कुणालाच फारसं आठवत नसे. वाचणाऱ्यांनाही आठवत नसावं, असा माझा समज होता.

माझ्याकडे परकीय चलनाच्या बातम्या होत्या. फेब्रुवारीपासून एकच काम होतं: या निवडणुकीचा बाजारावर काय परिणाम होईल ते लिहायचं. लंडनमध्ये तेरा वर्षं एकच पक्ष सत्तेवर होता. मतचाचण्या सांगत होत्या की या वेळी विरोधक किंचित पुढे आहेत, किंवा कुणालाच बहुमत नाही, म्हणजे आपल्याकडे ज्याला त्रिशंकू म्हणतात ते. विरोधक आले तर कर वाढतील, सरकारी खर्च वाढेल, म्हणून पौंड पडेल. त्रिशंकू आलं तर कोण कुणाबरोबर जातं ते कळेपर्यंत पौंड पडेल. सत्ताधारीच परत आले तर पौंड वर जाईल, पण तसं होईल असं कुणी गंभीरपणे म्हणत नव्हतं. पौंड घसरणार, हे जवळपास ठरून गेलं होतं. किती, एवढाच प्रश्न होता.

त्यासाठी दर गुरुवारी बँकांमधल्या बारा चलन-डीलरांना फोन करायचे. न्यूयॉर्क, बॉस्टन, शिकागो. बारा हा आकडा आमच्या संपादिकाबाईंचा. त्या म्हणत, दोघे म्हणाले तर ती अफवा, बारा जण म्हणाले तर तो बाजार. बारा उत्तरं मिळाली की मधला आकडा काढायचा आणि चार परिच्छेद लिहायचे. मार्चच्या पहिल्या आठवड्यापासून उत्तर एकच येत होतं. सत्ताधारी हरले किंवा त्रिशंकू आलं, तर पौंड डॉलरच्या तुलनेत अडीच सेंट खाली. कधी एखादा दोन म्हणे, कधी एखादा तीन. बाकी सगळे अडीच. इतकं एकमत मी त्याआधी पाहिलं नव्हतं. बाईंना ती बातमी आवडे.

माझ्याकडे गाडी नव्हती. आमच्याच अपार्टमेंटमध्ये वरच्या मजल्यावर राहणारे एक काका मला रोज सकाळी रूट वन या हमरस्त्यावर ऑफिसपाशी सोडून पुढे त्यांच्या लॅबला जात. ते नागपूरचे, पंचावन्नच्या आसपासचे, रसायनशास्त्रज्ञ. औषधांच्या नमुन्यांची शुद्धता तपासायचं त्यांचं काम. अमेरिकेत येऊन अठरा वर्षं झाली होती आणि अठरा वर्षं ते भाड्याच्या घरात राहत होते. तीन भावंडांची शिक्षणं, दोन लग्नं, नागपूरच्या वस्तीतलं घर, सगळं इथून झालं होतं. त्या वर्षी पहिल्यांदाच त्यांनी स्वतःसाठी काही ठरवलं होतं. स्टेशनपासून दोन मैलांवर एक घर पाहिलं होतं, मालकाला विसार दिला होता, मेमध्ये खरेदी व्हायची होती.

घरापेक्षा घराखालचं तळघर त्यांना जास्त महत्त्वाचं वाटत होतं. दर वर्षी एप्रिलात आमच्या भागातली महाराष्ट्रातली बौद्ध कुटुंबं, दूरदूरचे विद्यार्थी, एकत्र येऊन जयंती साजरी करत. त्यासाठी एका शाळेचं कॅफेटेरिया भाड्याने घेत. तिथे दुपारी चारला बाहेर काढत, भिंतीला काही चिकटवू देत नसत, आणि एका वर्षी भाषण चालू असताना रखवालदार मागून खुर्च्या रचायला लागला होता. आदल्या वर्षीच्या कार्यक्रमात काकांनी माइकवरून जाहीर केलं होतं, की लवकरच जयंती आपल्या स्वतःच्या घरी होईल आणि तिथे कुणी कुणाला चार वाजता उठवणार नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

गाडीत एक रिवाज पडला होता. आदल्या दिवशी प्रसिद्ध झालेल्या माझ्या बातम्यांचा, ऑफिसच्या प्रिंटरवर काढलेला कागद माझ्याकडे असे. काका ड्राइव्ह करत आणि म्हणत, "वाच." मी इंग्रजीतून वाचे, ते मराठीतून प्रश्न विचारत. प्रश्न नेमके असत. बारा जण म्हणजे कोण? एकाच बँकेतले तर नाहीत? एकमेकांना विचारून तर सांगत नाहीत?

"वेगवेगळ्या बँका, वेगवेगळी शहरं," मी सांगितलं होतं. "मी प्रत्येकाला वेगळा फोन करतो."

"मग हे भारी आहे यार," ते म्हणाले होते. "मी लॅबमध्ये तीन रीडिंग जुळली की सही करतो. तुझी बारा जुळतात."

निवडणुकीच्या आठवडाभर आधी, एका सकाळी सिग्नलला गाडी थांबली असताना त्यांनी मला सांगितलं की त्यांनी शिकागोच्या वायदे बाजारात पौंड विकून ठेवला आहे.

मला आधी नीट समजलंच नाही. पौंड त्यांच्याकडे नव्हता. वायदे बाजारात तो असावा लागत नाही. आज चढ्या भावाने विकायचा, पडला की स्वस्तात घेऊन सौदा पुरा करायचा, मधला फरक आपला. त्यासाठी दलालाकडे फक्त अनामत ठेवावी लागते. भाव उलटा गेला तर फरक आपल्या खिशातून जातो आणि अनामतीवर भागत नाही. काकांनी वर्तमानपत्रातली जाहिरात पाहून फोनवर खातं उघडलं होतं. अनामत घराच्या पैशातून ठेवली होती.

"काहून केलं हे?" माझ्या तोंडून त्यांचाच नागपुरी शब्द निघाला.

"गेल्या वर्षी धाकट्या भावाचं ऑपरेशन झालं, त्यात पैसे गेले. बँक म्हणते, डाउन पेमेंट पूर्ण पाहिजे. थोडं कमी पडतंय. अडीच सेंट पौंड पडला की पूर्ण होतं. मी कॅल्क्युलेट केलंय."

"काका, आमची बातमी म्हणजे सल्ला नसतो."

"सिगारेटच्या पाकिटावर पण काहीतरी लिहिलेलं असतं," ते म्हणाले आणि हिरवा दिवा लागला.

 बातमी बरोबर आहे, अशी माझी खात्री होती. त्या सकाळी माझी काळजी एवढीच होती, की ओळखीच्या माणसाने आपल्या बातमीवर सौदा केला हे ऑफिसात कळलं तर बरं दिसणार नाही.

गुरुवारी, नऊ एप्रिलला, लंडनमध्ये मतदान चालू होतं. तिकडचं मतदान संपायचं ते आमच्या संध्याकाळी पाचला. शिकागोतला पौंडाचा वायदा आमच्या घड्याळाप्रमाणे दुपारी तीनला बंद व्हायचा. त्यानंतर काकांसारख्या छोट्या खातेदाराला दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत सौदा मोडता येणार नव्हता. हे मला माहीत होतं.

साडेबारापासून मी बारा जणांचे शेवटचे फोन करत होतो. अकरावा डीलर न्यूयॉर्कचा, तोंडाने फटकळ. मी नेहमीचा प्रश्न विचारला.

"अडीच," तो म्हणाला.

माझ्या चार परिच्छेदांत दीड ओळ रिकामी राहत होती. ती भरायला मी विचारलं, "अडीचच का? तुझा हिशेब काय?"

"माझा हिशेब?" तो हसला. "अरे, दर गुरुवारी तूच तर लिहितोस. गेल्या गुरुवारचं छापून टेबलावर ठेवलंय. बाजाराची अपेक्षा, अडीच सेंट."

"ते तुम्ही सांगता म्हणून मी लिहितो."

"आणि तू लिहितोस म्हणून मी सांगतो. दुसरं काय सांगू? बॉसने विचारलं तर मला दाखवायला काहीतरी हवं ना."

त्याने फोन ठेवला. मी बाराव्याला लावला नाही. आधीच्या दहांपैकी पहिल्या तिघांना परत फोन केला आणि तोच प्रश्न विचारला, आकडा कुठून आला? एक म्हणाला, सगळे तेच म्हणतात. दुसरा म्हणाला, पडद्यावर पाहिला. तिसरा बॉस्टनचा, सभ्य गृहस्थ. तो म्हणाला, "तुमच्याच सेवेत वाचलं, बहुतेक. का? चुकीचा आहे का?"

तेव्हा दोन वाजायला दहा मिनिटं होती. मी खालचा खण उघडून फेब्रुवारीची वही काढली.

पुण्याला पहिल्या नोकरीत एका ज्येष्ठ उपसंपादकांनी मला वही कशी लिहायची ते शिकवलं होतं. डाव्या पानावर आपला प्रश्न, उजव्या पानावर समोरच्याचं उत्तर. दोन्ही कधी मिसळायचं नाही, म्हणजे उद्या कुणी नाकारलं तरी काय विचारलं आणि काय सांगितलं ते वेगळं दाखवता येतं. ती सवय मी सोडली नव्हती.

पहिल्या आठवड्याचं पान सापडलं. उजवीकडे शिकागोच्या एका डीलरचं उत्तर होतं: दोन. कदाचित तीन. सांगणं कठीण. त्यासमोर डावीकडे माझ्या अक्षरात, जुन्या पद्धतीने लिहिलेलं अडीच: २॥? आणि परत उजवीकडे, माझ्या घाईच्या इंग्रजीत: हो, चालेल.

त्या आठवड्यात बाकी कुणी आकडा दिलाच नव्हता. अकरा जणांनी नुसतं "पडेल" म्हटलं होतं. मी बातमीत लिहिलं होतं, बाजारात अडीच सेंट घसरणीची चर्चा आहे. दुसऱ्या आठवड्यात तिघांनी अडीच सांगितलं होतं. तिसऱ्यात सात जणांनी. मी पानं उलटत गेलो. दर आठवड्याला उजवीकडे तो आकडा जास्त जास्त वेळा येत गेला होता. डावीकडे तो एकदाच होता.

 मी उठलो, वही घेतली आणि संपादिकाबाईंच्या टेबलापाशी गेलो. मला आठवतं की वही टेबलावर ठेवताना ती माझ्याकडून उलटी ठेवली गेली, आणि बाईंनी ती सुलटी केली.

बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. त्या आयुष्यभर बाजाराच्या बातम्या करत आलेल्या.

"आज अकरा जणांनी अडीच सांगितलं का?" त्यांनी विचारलं.

"सांगितलं."

"तू लिहिलंस की अकरा जणांनी सांगितलं?"

"हो."

"मग चूक कुठे आहे?"

"आकडा माझा आहे. त्यांनी माझाच मला परत दिलाय. वाचणाऱ्याला वाटतंय की बारा वेगळी माणसं आहेत. आपण एक टीप टाकू या."

"आज? मतदान चालू असताना?" त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. "आपला आकडा पोकळ आहे असं आत्ता टाकलंस, तर त्या टिपेमुळेच पौंड हलेल. मग तो आपण हलवलेला असेल. तुला ते हवंय?"

 नियमाप्रमाणे त्या बरोबर होत्या. वही माझ्याकडे परत सरकवताना त्या म्हणाल्या, "शंभर बातम्यांपैकी नव्वद अशाच होतात. तुला आज दिसलं, एवढंच." त्यांनी ते मला धीर द्यायला म्हटलं होतं. मला त्या दिवशीचा सगळ्यात मोठा धक्का त्या वाक्याचा बसला.

दोन वाजून वीस मिनिटांनी मी काकांच्या लॅबला फोन केला. ते यंत्रांच्या खोलीत होते, तिथे फोन नव्हता. निरोप ठेवला: तातडीचं, तीनच्या आत. पावणेतीनला त्यांचा फोन आला.

"काय झालं? घरी सगळं ठीक?"

"ठीक आहे. काका, ते बारा जण बारा नाहीत."

"म्हणजे?"

"आकडा मीच पहिल्यांदा विचारला होता. त्यांनी माझ्या बातमीतून उचलला. मी तो त्यांच्याकडून परत घेतला. बारा रीडिंग नाहीत ती. एकच आहे, आणि ते पण माझं."

 त्यांच्या मागे कुठलंतरी यंत्र एका लयीत टकटक करत होतं.

"म्हणजे पौंड पडणार नाही?"

"ते मला माहीत नाही."

"मग तुला माहीत काय आहे?"

"आकड्याला आधार नाही, एवढं."

"पण खाली जाणार हे तर सगळे म्हणतात नं? मतचाचण्या काही तू केल्या नाहीस."

"नाही. त्या मी केल्या नाहीत."

"मग? अडीच नाही तर दोन. दोन नाही तर दीड." मग त्यांनी आवाज उतरवून विचारलं, "अरे, सरळ सांग ना. सौदा मोडू का ठेवू? तू म्हणशील तसं करतो. दहा-बारा मिनिटं आहेत अजून."

आमच्या नियमपुस्तिकेच्या पहिल्या पानावर होतं की वार्ताहराने कुणालाही खरेदी-विक्रीचा सल्ला द्यायचा नाही. तो नियम मी तीन वर्षं पाळला होता. शिवाय दिशा खरंच मला माहीत नव्हती. ही दोन्ही कारणं खरी होती.

"काका, मी ते सांगू शकत नाही," मी म्हणालो.

"शकत नाहीस का सांगणार नाहीस?"

"दोन्ही."

"बरं," ते म्हणाले. "ठीक आहे." त्यांनी फोन ठेवला.

मी घड्याळ पाहत बसलो. तीन वाजले. शिकागो बंद झालं.

पाच वाजता लंडनहून मतदानोत्तर अंदाज आला: त्रिशंकू. न्यूयॉर्कमध्ये जो थोडा व्यवहार चालू होता त्यात पौंड जरा खाली आला. पाच-दहा मिनिटांत काकांचा फोन. "आला नं त्रिशंकू! उगीच घाबरवलंस यार. मी ठेवलाय सौदा." त्यांच्या मागे त्यांच्या मुलीचा आवाज येत होता. ती सोळा वर्षांची, इथेच जन्मलेली. ती इंग्रजीतून विचारत होती की कोपऱ्यातली खोली नक्की तिचीच ना.

आपल्याकडे मतमोजणी दोन-दोन दिवस चाले, आघाड्या मागेपुढे होत, आणि पहिल्या दिवशी कुणी काही खरं मानत नसे. त्यामुळे पहिल्या काही निकालांनी काही ठरतं यावर माझा विश्वास नव्हता. साडेसहाच्या सुमाराला लंडनच्या पूर्वेकडच्या एका गावाचा निकाल आला. जिथे सत्ताधाऱ्यांनी हरायला हवं होतं तिथे ते जिंकले होते. कोपऱ्यातल्या टीव्हीवर उमेदवार हसत होता. बाई खुर्चीतून उठल्या. मी पडद्याकडे पाहिलं. पौंड वर जायला लागला होता.

तो थांबला नाही. एकेक निकाल येत गेला, दर वेळी भाव एक पायरी चढत गेला. सातच्या पुढे आमचे सगळे फोन एकदम वाजायला लागले. फटकळ डीलरचाही आला. "तुझे अडीच सेंट आले बघ," तो म्हणाला. "फक्त तू नकाशा उलटा धरला होतास." तो हसत होता. त्याच्या बँकेने मार खाल्ला होता, पण त्याच्याकडे बॉसला दाखवायला काहीतरी होतं.

साडेआठपर्यंत अडीच कधीच मागे पडलं होतं. मतचाचण्या चुकल्या होत्या, सगळ्याच्या सगळ्या. सत्ताधारी पक्ष स्पष्ट बहुमताने परत येत होता. मी बातमी लिहिली: अनपेक्षित निकालाने पौंड उसळला, असं डीलरांनी सांगितलं. काकांचा फोन आला नाही. मीही केला नाही.

शुक्रवारी सकाळी ते रोजच्या वेळेला खाली आले. मला वाटलं होतं येणार नाहीत. दाढी केलेली, शर्टाला इस्त्री. मी आत बसलो.  रूट वनला लागल्यावर ते म्हणाले, "वाच."

"काका, राहू द्या आज."

"रोज वाचतोस. वाच."

मी वाचलं. डीलरांनी सांगितलं की निकाल अनपेक्षित होता. डीलरांनी सांगितलं की बाजाराने विरोधकांच्या विजयाची फार धास्ती घेतली होती. डीलरांच्या मते ती धास्ती अवाजवी होती. चार परिच्छेद झाले. रस्त्याकडे बघतच त्यांनी विचारलं, "हे तेच बारा जण?"

"तेच."

"हं."

सव्वाआठनंतर शिकागो उघडलं. अनामत पुरेनाशी झाली म्हणून दलालाने त्यांचा सौदा मोडला तेव्हा ते लॅबमध्ये नमुने तपासत होते. आदल्या दिवसाप्रमाणेच फोनपर्यंत पोचायला त्यांना वेळ लागला. पोचले तेव्हा दलालाचं काम झालेलं होतं. अनामत गेली आणि वर आणखी भरावे लागले. किती, ते त्यांनी मला कधी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. पुढच्या आठवड्यात बँकेला फोन करून त्यांनी घर कॅन्सल केलं. विसार बुडाला.

जयंतीचा कार्यक्रम अठरा तारखेच्या शनिवारी होता, त्याच शाळेच्या कॅफेटेरियात. मेणबत्त्या लावायची परवानगी नव्हती म्हणून विजेचे दिवे ठेवले होते. वंदना झाली, मुलांची भाषणं झाली, एका विद्यार्थ्याने शिक्षणावर चांगलं बोलून दाखवलं. जेवताना दोघा-तिघांनी काकांना विचारलं, घराचं कुठवर आलं, चावी कधी मिळते? एक मावशी म्हणाल्या, "तळघरात गालिचा टाका हो, आमचे गुडघे दुखतात." काका हसले.

समारोपाला ते माइकपाशी गेले. कागद नव्हता. त्यांची मुलगी माझ्या शेजारच्या खुर्चीत होती. ते दोन वेळा घसा खाकरून थांबले, तेव्हा ती हळूच म्हणाली, "डॅड, जस्ट टेल देम."

"गेल्या वर्षी मी इथूनच एक गोष्ट बोललो होतो," काका म्हणाले. "ती होत नाही. कारण माझं आहे, दुसऱ्या कुणाचं नाही. पुढच्या वर्षी आपण इथेच भेटू. हॉल मी आजच बुक केलाय." मग घड्याळाकडे पाहून, "पावणेचार झालेत. खुर्च्या आपण स्वतःच उचलून ठेवू."

लोकांना काय झालं ते कळलं नाही. पण सगळे उठले आणि खुर्च्या रचायला लागले.

परत येताना मुलगी मागे झोपली होती. वही माझ्या पिशवीत होती. मी ती मुद्दाम आणली होती. ऑफिसने दुरुस्ती दिली नव्हती आणि देणार नव्हतं. मला वाटलं, निदान एका वाचकाला मूळ पान दिसावं. घराखाली गाडी लागल्यावर मी ते उघडून त्यांच्यापुढे धरलं आणि डावं-उजवं म्हणजे काय ते सांगितलं.

त्यांनी गाडीतला दिवा लावला, चष्मा काढला आणि पान डोळ्यांजवळ नेलं. बराच वेळ ते एकाच ठिकाणी पाहत होते. मग त्यांनी "२॥" वर बोट ठेवलं.

"हे असं कोण लिहितं आता?"

"वडील लिहायचे. सवय लागली."

"माझे पण. गिरणीत हजेरी मांडायचे, अडीच दिवस, साडेतीन दिवस." बोट तिथेच होतं. "तो म्हणाला दोन किंवा तीन. आणि तू म्हणालास अडीच."

"हो. तोंडात तेच आलं."

"येणारच. आपल्याला दोन आणि तीनच्या मध्ये दुसरं काय दिसतं?" त्यांनी वही मिटली, पण परत दिली नाही. "मी लॅबमध्ये कुणाचंच रीडिंग न तपासता घेत नाही. इतकी वर्षं. याची मात्र मला पहिल्या दिवसापासून शंकाच आली नाही. तू गाडीत वाचलंस, अडीच सेंट, आणि मला वाटलं, बरोबर आहे, असंच असणार. मला वाटलं बारा अमेरिकन सांगतायत म्हणून पटतंय. पटत होतं ते आकडा आपल्या घरचा होता म्हणून."

 मागे वळून त्यांनी मुलीला हलवलं आणि ती जागी होईपर्यंत वही मांडीवर धरून बसले.